आकड्याची हमाली

परवा इंग्लंडात, लेस्टरच्या एका लायब्ररीत माझं घरभाडं जाहीर झालं. भर दुपारी, खणखणीत आवाजात, एका काकांच्या तोंडून.

माझं घर हाउसिंग असोसिएशनचं, म्हणजे कमी भाड्याची घरं देणाऱ्या संस्थेचं. दर वर्षी पत्र येतं, एप्रिलपासून भाडं वाढणार. आदल्या सप्टेंबरचा महागाईदर अधिक एक टक्का, इथपर्यंत वाढवायची त्यांना मुभा, आणि मुभा कोणी वाया घालवत नाही. यंदा ३.८ अधिक १. आठवड्याच्या १०८ पौंड ४० पेन्सचे झाले ११३ पौंड ६० पेन्स. मी शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ कामाला. तेवढ्यात भागत नाही म्हणून युनिव्हर्सल क्रेडिट, म्हणजे कमी कमाईवाल्यांना सरकारी मदत, आणि त्यात भाड्याचा वाटा. पण नवा आकडा सरकारला आपणच कळवायचा. वाढ लागू होण्याआधी कळवला तर घोळ, फार उशिरा कळवला तर त्या महिन्याची वाढ बुडायची भीती. वाढ लागू झाली सोमवारी, ६ एप्रिलला. त्या दिवशी ईस्टरची सुट्टी. लायब्ररी बंद, भाडं चालू.

म्हणून मंगळवारी गेले. घरचा लॅपटॉप मेलाय, आणि फोनवर फॉर्म भरायचा तर माझा अंगठा एका वेळी तीन आकडे दाबतो.

शेजारच्या कॉम्प्युटरवर एक गुजराती काका. बहात्तर साली कंपालाहून आलेले. ही माहिती मी न विचारता, बसायच्या आत मिळाली. स्वतःच्या पडद्यावर क्रिकेटचा स्कोअर, डोळे माझ्या पडद्यावर.

"बेन, हंड्रेड थर्टीन?"

"हो काका. जरा हळू."

"मंथ का?"

"आठवड्याचं."

"वीक का!" बालविभागातलं एक मूल रडायचं थांबलं. "मेरे को देखो. एटी-फोर में कौन्सिल का किराये का घर खरीद लिया. थॅचर डिस्काउंट देती थी. आपने क्यूं नहीं लिया?"

"काका, चौऱ्याऐंशीत मी गिरगावात तिसरीत होते."

काकांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला. "फिर भी," म्हणाले.

गिरगावच्या चाळीत भाडं ही वाढणारी वस्तूच नव्हती. मालकाचा माणूस यायचा, रक्कम कोणी बोलतसुद्धा नसे, तीच असायची. १९९९ च्या कायद्याने मालकाला वर्षाला ४ टक्के वाढ दिली तेव्हा आमच्या मजल्यावर सुतक पडलं. आई आठवडाभर त्या चार टक्क्यांना शिव्या देत भाकऱ्या थापत होती. आणि तिची लेक इकडे ४.८ बघून म्हणते, बरं झालं, दोन वर्षांपूर्वी ७.७ होते.

फॉर्ममध्ये पुढचा रकाना आला, सर्व्हिस चार्ज. जिन्याच्या सफाईचे पैसे चालतात, घरातल्या हीटिंगचे चालत नाहीत. काका खुर्चीसकट सरकले.

"सीढ़ी की सफाई का पैसा? सीढ़ी साफ है?"

"नाही."

"तो लिखो! सरकार को लिखो, सीढ़ी गंदी है."

"काका, इथे फक्त आकडा टाकायचाय."

"आकडा तो उनको मालूम है," काका म्हणाले, आणि एवढ्या वेळात पहिल्यांदाच बरोबर बोलले.

खरंच, भाडं वाढवणाऱ्यांनी आकडा स्वतःच पत्रात छापलाय. पैसे देणाऱ्या सरकारनेच वाढीचं सूत्र ठरवलंय. ठाऊक नसतो तो मलाच, पत्र उघडेपर्यंत. तरी याचा आकडा त्याच्याकडे पोचवायची हमाली माझी, आणि चुकला तर जबाबदारीही माझी. बेडरूमच्या भिंतीवरची काळी बुरशी मात्र मी नोव्हेंबरपासून तीनदा कळवली. तिची नोंद होते, आभार मानले जातात. तिला एप्रिल लागत नाही. पाच पौंड वीस पेन्स वसूल करायला कॅलेंडर आहे, ब्रश घेऊन माणूस पाठवायला नाही. हे काकांना सांगितलं असतं तर त्यांनी ते लायब्ररीभर केलं असतं, म्हणून गिळलं.

घाईघाईने बटण दाबलं आणि निघाले. काकांनी "ऑल द बेस्ट, हंड्रेड थर्टीन!" म्हणून निरोप दिला.

रात्री फोनवर भिंगासारखा चष्मा लावून पाहिलं. ११३.६०. दरमहा. काकांचं "मंथ का?" सरळ माझ्या बोटांत उतरलं होतं. म्हणजे सरकारदरबारी माझं भाडं आता चौथ्या हिश्श्याहून कमी.

युनिव्हर्सल क्रेडिटच्या खात्यातलं जर्नल, म्हणजे त्यांना निरोप लिहायची जागा, उघडलं, दुरुस्ती लिहिली. माफी मागितली. आणि मग लिहिता लिहिता खाली तेही लिहून टाकलं, की जिना घाण आहे.