नोकरीचे दोर कापायला सांगणाऱ्यांना

परवा रात्री भाच्याने एक मेसेज पाठवला. खाली लिहिलं होतं, "मावशी, वाच. मी ठरवलंय." गोव्यात वेर्ण्याच्या औषध कंपनीतली पाच वर्षांची नोकरी सोडून, आईच्या पाटल्या गहाण ठेवून त्याला म्हापशात कॅफे काढायचाय. मेसेज तुम्हालाही आला असेल: सूर्याजीने दोर कापले म्हणून सिंहगड मिळाला, तुम्हीही नोकरीचा दोर कापा. खरा उद्योजक जोखमीला घाबरत नाही. पंचविशीत नाही तर कधीच नाही. बिल गेट्सने कॉलेज सोडलं. धंद्यात तुम्हीच तुमचे मालक.

दोराचं आधी घेते, कारण घरं बुडतात ती तिथेच. सिंहगडाची लढाई एका रात्रीची होती. धंद्यात पावसाळ्यामागून पावसाळे काढावे लागतात. सत्तरी तालुक्यात माझं काजूचं छोटं युनिट आहे. बी येते मार्च ते मेमध्ये आणि बागायतदाराला पैसे तेव्हाच रोख लागतात. मग वाळवणं, फोडणं, साल काढणं, अख्खे गर, पाकळी आणि तुकडा वेगळे करणं. माल पोचला तरी दुकानदार पैसे देणार दीड-दोन महिन्यांनी. जूनमध्ये माझ्या खोलीत छपराला टेकलेली पोती असतात आणि खात्यात वीजबिलापुरतेही पैसे नसतात. पहिली चार वर्षं घरचं वाणसामान नवऱ्याच्या पगारावर आलं. तो पगार नसता तर पहिल्याच पावसाळ्यात मिळेल त्या भावाला पोती विकून मोकळी झाले असते.

आणि हे माझ्या एकटीचं नाही. राफी आणि फेंग या दोन संशोधकांनी अमेरिकेत हेच तपासलं, 2014 साली ते प्रसिद्ध झालं. नोकरी सांभाळून धंदा सुरू करायचा आणि मग पूर्णवेळ उतरायचं, असं करणाऱ्यांचा धंदा बंद पडण्याची शक्यता थेट नोकरी सोडणाऱ्यांपेक्षा एक तृतीयांशाने कमी निघाली. आपल्या शेजारचंच उदाहरण हवं तर किर्लोस्कर उद्योगाचे संस्थापक लक्ष्मणराव किर्लोस्कर घ्या. मुंबईत व्हीजेटीआय या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवता शिकवता ते सायकली घेऊन बेळगावला भावाकडे पाठवत, भाऊ त्या विकत. त्यांच्या कारखान्याची किर्लोस्करवाडी उभी राहिली 1910 साली, तेव्हा त्यांनी चाळिशी ओलांडली होती.

म्हणजे पंचविशीचंही तिथेच संपलं. अमेरिकेतल्या सर्वांत वेगाने वाढलेल्या नव्या कंपन्यांच्या संस्थापकांचं सुरुवातीचं सरासरी वय 45 निघालंय.

गेट्सने 1975 मध्ये हार्वर्ड सोडलं, खरं आहे. पण तेराव्या वर्षापासून त्याच्या हाताखाली शाळेतला संगणक होता आणि वडील सिअ‍ॅटलमधले वकील होते.

जोखमीचं मात्र मला फार लागलं. एकट्याच्या नावावर धंदा असला की कायद्याच्या नजरेत धंद्याचं कर्ज आणि तुमचं कर्ज एकच. पाटल्यांवरचं व्याज पहिल्या महिन्यापासून चढतं, कॅफेत तेव्हा नुसतं रंगकाम चालू असतं. माझ्या बहिणीकडे त्या पाटल्यांशिवाय दुसरं काही नाही. असल्या मेसेजात तिचा विचार कुठे असतो?

मालक असण्याचं अर्धं खरं आहे, कबूल करते. लेकीच्या दहावीला मी दोन आठवडे युनिट बंद ठेवलं, कुणाकडे रजा मागितली नाही. त्या दोन आठवड्यांची बायकांची मजुरी मात्र दिली.

भाच्याला सांगितलंय, चतुर्थीपर्यंत फक्त शनिवार-रविवार घरून ऑर्डर घे आणि दूध, गॅस, डबे सगळं वहीत लिही. वही घेऊन ये, आपण दोघं बसून पाहू. पाटल्या सध्या माझ्या कपाटात आहेत.