लढाई हरा, दप्तर धरा

आपली भाषा देशोदेशी पसरवायची आहे? मग पाट्यांना काळं फासायचा डबा आधी खाली ठेवा. फारसीने हे काम फार स्वस्तात केलं आहे, तिची शिकवणी लावा.

सुरुवात दणदणीत पराभवाने करा. इराण्यांनी 642 मध्ये नहावंदला अरबांचा सपाटून मार खाल्ला. 651 मध्ये पळता पळता त्यांचा बादशहा यझ्दगर्दही मारला गेला. तुमचंही असंच झालं तर रडत बसू नका. जिंकणाऱ्याला घोडदौड येते, हिशेब येत नाही. कोणाकडून किती सारा येणं आहे, ती वही तुमच्या कारकुनाच्या काखेत आहे. काख वर करू नका. इराकचं दप्तर 697 च्या सुमारास फारसीतून अरबीत न्यायचं ठरलं, तेव्हा ते काम अंगावर घेतलेल्या माणसाला म्हणे इराण्यांनी एक लाख दिरहम देऊ केले होते. करायचं काहीच नव्हतं, फक्त 'जमत नाही' म्हणायचं. इतिहासकार बलाझुरीने ही हकिगत लिहून ठेवली आहे. गडी बधला नाही. (असा कारकून नशिबी आला तर दोनशे वर्षं कळ काढा.)

तेवढ्यात लिपी जेत्याची घ्या, त्याचे शब्दही पोतंभर उचला, आणि बुखाऱ्याच्या सामानी घराण्याच्या दरबारात नवे कपडे घालून परत या. आता दुसऱ्याच मातृभाषेचा राजा गाठा. तो जास्त खर्च करतो. गझनीचा महमूद तुर्क, पण 1010 मध्ये पुरा झालेला 'शाहनामा', म्हणजे फारसीतलं महाकाव्य, त्याच्याच नावे अर्पण. आजच्या तुर्कस्तानातल्या कोन्या शहरात राज्य सेल्जुक तुर्कांचं, रूमीची कविता फारसीत. आणि 1514 मध्ये चाल्दिरानला भिडलेले दोघे पाहा: तुर्कांचा सुलतान सलीम फारसीत कविता करायचा, इराणचा शाह इस्माइल तुर्कीत. एकमेकांची मुंडकी हवी होती, भाषा मात्र अदलाबदलीने चालत होत्या.

हिंदुस्थानात तर आजोबांनाही भाषांतरित करून घ्या. बाबराने आठवणी तुर्कीत लिहिल्या; त्या 1589 मध्ये अब्दुर्रहीम खानखानाने अकबरासाठी फारसीत आणल्या. तोडरमलाच्या काळात महसुलाचे कागद फारसीत गेले, आणि नोकरी हवी असलेल्या पोरांनी मौलवीपुढे मुकाट मांडी घातली. पोटाला लावलेली भाषा पाठ करावी लागत नाही, आपोआप होते.

कधीतरी कोणी खमक्या राजा भेटेल. शिवाजी महाराजांनी 'राज्यव्यवहारकोश' करवून फारसी शब्दांना संस्कृत पर्याय बसवले. पेशव्यांचे मुख्य प्रधान झाले. तुम्ही गप्प राहा. 1713 मध्ये बाळाजी विश्वनाथांना ते पद मिळालं, आणि शनिवारवाड्यापासून नाटकापर्यंत सगळे 'पेशवे'च म्हणत राहिले. फर्द लिहिणारा तो फडणवीस, हा तर आडनाव होऊन बसला.

शेवटी कंपनीसारखा धनी 1837 मध्ये तुम्हाला कचेरीतून काढेल. जा खुशाल. वकील, नाझर, जामीन, जप्ती आणि पुढची तारीख तिथेच सोडून जा.

बाकी कोणी मराठीच्या शुद्धीसाठी सरकारदरबारी खेटे घालायला निघालाच, तर त्याला अडवू नका. कागद द्या. वर 'अर्ज' लिहील, खाली 'अर्जदार', बाजूला तारीख, मग सही आणि शिक्का. कारकून पोच देईल आणि दप्तरी दाखल करील.