ड्रॅगन तुळशी तलावावर बसला तर

गेले काही दिवस एक लांबलचक फॉरवर्ड फिरतोय. मला तो तीन ग्रुपांवर आला आणि तिन्ही ठिकाणी खाली अंगठ्यांची रांग. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: जगबुडीनंतरच्या गोष्टीत ड्रॅगन घालणं म्हणजे लेखकाने हात टेकले. का, तर ड्रॅगन विज्ञानात बसत नाही, त्यामुळे ‘सायन्स फँटसी’ हे नावच फसवं. दुसरं, ड्रॅगन आहे तिथे माणूस दोन दिवस टिकणार नाही, मग तगून राहण्याची गोष्ट सांगायची कशी? तिसरं, मुंबईत तर हे घडवूच नये, नळ बंद झाले की शहर आठवड्यात खलास. आणि शेवटी ठरलेलं पालुपद, ड्रॅगन आपला नाही, उसना आणलाय.

माझा एक मित्र दोन वर्षं नेमकी अशीच कादंबरी लिहितोय. फॉरवर्ड वाचून त्याने वही मिटली, म्हणून मी ही उघडली.

विज्ञानाचा मुद्दा अर्धा खरा आहे, तेवढा मान्य करू. लांबी दुप्पट केली की पंखांचं क्षेत्रफळ चौपट होतं, पण वजन आठपट. त्यामुळे बेस्टच्या डबलडेकरएवढा ड्रॅगन दादरवरून घिरट्या घालणार नाही. पण क्वेट्झलकोएटलस नावाचा उडता सरीसृप खरोखर होऊन गेला. पंखांचा विस्तार दहा मीटरच्या आसपास, वजन बहुतेक अंदाजांनुसार दोनशे-अडीचशे किलो. तेवढा ड्रॅगन मला पुरे. आग ओकणारा प्राणी मात्र जगात नाही. जवळात जवळ जातो तो बॉम्बार्डियर भुंगेरा. हायड्रोक्विनोन आणि हायड्रोजन पेरॉक्साइड तो एका पिशवीत बाळगतो, जाड भिंतीच्या वेगळ्या कप्प्यात विकरं (एन्झाइम) असतात, तिथे सगळं एकत्र आलं की जवळजवळ १०० अंश सेल्सिअसचा फवारा सुटतो. स्वतः भाजत नाही. अ‍ॅन मॅकॅफ्री या विज्ञानकथा लेखिकेने तर ड्रॅगनला फॉस्फिन हा पेटणारा वायू देणारे दगड चघळायला लावले आणि ते ड्रॅगन माणसांनीच एका छोट्या प्राण्यापासून घडवले असं दाखवलं. १९६८ साली तिला विज्ञानकथांचा ह्यूगो पुरस्कार मिळाला, कथालेखनासाठी तो मिळवणारी ती पहिली स्त्री. म्हणजे वाचकांनी हे गणित कधीच पास केलंय. एक थाप मारायची मुभा असते, मात्र तिचा खर्च पुढे पानोपानी फेडावा लागतो. फॉरवर्डवाल्यांना थाप दिसली, फेड दिसली नाही.

आता खरा मुद्दा, दोन दिवसांत संपण्याचा. इथे त्यांनी ड्रॅगनला भूक दिली आणि पोट द्यायला विसरले. तीन मीटर लांबीचा कोमोडो ड्रॅगन, म्हणजे इंडोनेशियातली महाकाय घोरपड, एका बैठकीत स्वतःच्या वजनाच्या ८० टक्क्यांपर्यंत मांस खाऊ शकतो आणि मग वर्षभरात बारा-एक जेवणांवरही निभावतो. सरीसृपाला त्याच वजनाच्या सस्तन प्राण्याच्या साधारण एक दशांश ऊर्जा पुरते. आपला ड्रॅगन थंड रक्ताचा धरला तर तो रोज शिकार करणारच नाही. खाईल, मग पडून राहील. त्याचं पडून राहणं ओळखणारी माणसं जगतील, न ओळखणारी जाणार.

आणि हे ओळखणं मुंबईला नवं आहे का? संजय गांधी राष्ट्रीय उद्यान १०४ चौरस किलोमीटरचं, बिबट्यांनी भरलेलं, तीन बाजूंनी इमारतींनी वेढलेलं. आत आणि शेजारच्या आरे वसाहतीत आदिवासी पाडे आहेत. तिथल्या माणसांना बिबट्या कुठल्या वाटेने, कुठल्या वेळी जातो ते ठाऊक असतं. ते वाघोबाची पूजा करतात, वाघबारस पाळतात. वाघोबाला मारायची भाषा त्यात नाही, शेजार सांभाळायची आहे. दोन दिवसांत संपले नाहीत ते, पिढ्या गेल्या. (पवईच्या तलावात मगरी आहेत आणि काठावर संध्याकाळी कणीस खात फिरणारी आम्ही मंडळीही आहोत, हे जाता जाता.)

थंड रक्ताचं आणखी एक. त्याला ऊन लागतं. जून ते सप्टेंबर मुंबईत ऊन कुठलं? २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. तसल्या दिवशी ड्रॅगन कुठेतरी गुहेत गारठून वेटोळं घालून बसणार. म्हणजे जो पावसाळा आज आपल्याला नको होतो, तोच या कथेतला मोकळा श्वास. चार महिने शहर माणसांचं, आठ महिने त्याचं. पण पावसाळ्यात समुद्र खवळलेला, होड्या ओढून ठेवलेल्या. मासेमारी करायची ती ऊन असताना, म्हणजे डोक्यावर तो असताना. मग कोळीवाड्यात बांबूंवर वाळणारे बोंबील त्याला लांबून दिसणार, वासही जाणार. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची, बेगमी उघड्यावर करायची तर कशी? इथे कथा सुरू होते. मित्राच्या पहिल्या खर्ड्यात ड्रॅगन गेटवे ऑफ इंडियावर येऊन डरकाळी फोडतो. ते पोस्टर झालं.

मुंबई आठवड्यात खलास, हे म्हणणारा बहुतेक उंच मजल्यावर राहतो. त्याचं अगदीच चुकत नाही. शहराला रोज जवळजवळ ४०० कोटी लिटर पाणी लागतं आणि त्यातलं निम्मं भातसा धरणाचं. ते पिसेला उपसून, पांजरापूरला शुद्ध करून पंपाने पाठवतात. तिथली वीज गेली की आजही पाणीकपातीची बातमी येते. वीज कायमची गेली तर भातसा बंद. बाकीच्या तलावांचं पाणी बरंचसं उतारानेच येतं, पण खालच्या टाकीतून विसाव्या मजल्यावर चढवणार कोण? सोसायटीचा पंप मेला की टॉवर मेला. चाळीतला माणूस मात्र कळशी घेऊन खाली उतरेल, त्याला सवय आहे.

पण फॉरवर्डवाला तुळशी आणि विहार विसरला. विहार १८६०चा, तुळशी १८७९चा, दोन्ही राष्ट्रीय उद्यानात, शहराच्या हद्दीत. आजच्या मागणीपुढे चिल्लर. एकटा तुळशी दिवसाला सुमारे १.८ कोटी लिटर देतो. पण आपत्तीत माणशी किमान १५ लिटर धरतात, त्या हिशेबाने हे बारा लाख माणसांचं पाणी झालं. जगबुडीनंतर मुंबईत बारा लाख उरले तर ती जगबुडी कसली! आणि जवळच कान्हेरी. शंभरावर लेणी, काळ्या दगडात कोरलेली, आगीला न जुमानणारी. लेण्यांपाशी पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या, शिलालेखांत त्यांना ‘पोढी’ म्हटलंय. त्या भिक्षूंनी नळाशिवाय शतकानुशतकं काढली. वाचलेल्यांचा तळ तिथेच पडणार. अडचण एवढीच की पावसाळ्यात ड्रॅगनलाही कोरडी गुहा हवी असते.

राहिला उसनवारीचा मुद्दा. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातलं बत्तिसावं सूक्त काढून बघा. वृत्र हा अही, सर्प, पर्वतावर पहुडलेला, पाणी अडवून बसलेला. इंद्र त्याला मारतो आणि पाणी हंबरणाऱ्या गाईंसारखं समुद्राकडे धावत सुटतं. याहून जुना आणि याहून आपला ड्रॅगन मला तरी ठाऊक नाही. सोन्यावर बसणारा तिकडचा, आपला पाण्यावर बसतो.

म्हणून मी मित्राला सांगितलं, गेटवेवरून उचल आणि तुळशीच्या बांधावर बसव. त्याने लगेच विचारलं, मग इंद्रासारखं मारायचं का? मी म्हटलं, मार, पण सुरुंग लावलास तर बांध फुटेल. पाणी दहिसर नदीतून बोरिवली-दहिसर ओलांडत मनोरीच्या खाडीला मिळेल आणि कान्हेरीतली माणसं रिकाम्या कळश्या घेऊन बघत बसतील. इंद्राला पाणी सोडायचं होतं, यांना राखायचंय. मग उरतो वाघोबाचा रस्ता.

काल रात्री साडेअकराला त्याचा मेसेज आला. अडीचशे किलोचा, थंड रक्ताचा प्राणी एप्रिलच्या उन्हात दिवसाला किती पाणी पीत असेल? मी मगरीवरून अंदाज बांधतोय, तो म्हणतो घोरपडीवरून बांध.