‘टेन-के’ ड्रायव्हरने स्लाइस जात नाही

गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये २०२४ पासून एक सल्ला मोठ्या प्रमाणावर फिरतो आहे. त्याचा आशय असा: स्लाइस होत असेल, म्हणजे उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू उजवीकडे वळत जात असेल, तर ‘टेन-के’ ड्रायव्हर (लांब फटक्याचा क्लब) घ्यावा, तो चुका पोटात घालतो आणि टीवरून (चेंडू ठेवायच्या खुंटीवरून) चेंडू उंच व सरळ धाडतो, लांब पल्ल्यासाठी लॉफ्ट (फेस म्हणजे चेंडूला लागणारा पृष्ठभाग, तो मागे कलण्याचा कोन) नऊ अंशांचा आणि शाफ्ट (दांडा) जास्तीत जास्त लांब घ्यावा, उरलेले हॉझल (दांडा आणि डोके यांचा जोड) फिरवून जुळवता येते. या सल्ल्यात तथ्याचा अंश आहे, पण तो नेमका कोठे आहे हे पाहिले पाहिजे.

आधी आकड्याविषयी. पिंग आणि टेलरमेड यांनी २०२४ च्या सुरुवातीला १०,००० (म्हणूनच ‘टेन-के’) ग्रॅम-चौरस सेंटिमीटर जडत्व आघूर्णाचे, म्हणजे फटक्याने डोके वळण्याला तेवढा विरोध करणारे, ड्रायव्हर आणले; हा आकडा दोन वेगवेगळ्या अक्षांवरील आघूर्णांची बेरीज आहे. हील-टो दिशेने (हील म्हणजे दांड्याकडची बाजू, टो म्हणजे बाहेरची) डोके किती कमी वळते हे ज्या उभ्या अक्षावरून ठरते, त्यावर नियमांचीच ५,९०० ची मर्यादा आणि वर १०० ची सवलत आहे. त्यामुळे ‘दुप्पट क्षमाशील’ वगैरे भाषा जाहिरातीचीच समजावी. आधीच्या पिढीतले ४६० घनसेंटिमीटरचे चांगले ड्रायव्हरही या मर्यादेपासून फार दूर नव्हते आणि ते आज निम्म्या किमतीत मिळत असतील, तर सामान्य खेळाडूने त्यांच्याकडे नाक मुरडण्याचे कारण नाही.

मुख्य प्रश्न स्लाइसचा. जडत्व आघूर्ण जास्त असले की मध्यापासून बाजूला बसलेल्या फटक्याने डोके कमी वळते, चेंडूचा वेग कमी घटतो. क्षमाशीलता ती एवढीच, आणि ती मोलाचीही आहे. मात्र फटका अगदी मध्यावर बसला आणि फेस लक्ष्याच्या ४ अंश उजवीकडे उघडा राहिला, तर जगातले कोणतेही डोके ती चूक पोटात घालू शकत नाही. ड्रायव्हरच्या बाबतीत चेंडू निघण्याची दिशा सुमारे ८५ टक्के फेसच ठरवतो. म्हणजे स्विंगची वाट सरळ असली तरी चेंडू जवळपास साडेतीन अंश उजवीकडे निघतो, २०० यार्डांवर तो सुमारे १२ यार्ड बाहेर असतो, आणि तिरपा स्पिन त्याला आणखी बाहेर नेतो तो वेगळाच. येथे उपयोग होतो तो हीलकडे वजन असलेल्या, ड्रॉकडे, म्हणजे चेंडू हलकेच डावीकडे वळवण्याकडे, झुकणाऱ्या डोक्याचा; त्याचे जडत्व आघूर्ण थोडे कमी असले तरी चालेल.

आपली चूक कोणत्या जातीची आहे हे ओळखणे अवघड नाही. फेसवर टाल्कम पावडरचा पातळ थर द्यावा आणि काही चेंडू मारावेत. ठसे हीलकडे, टोच्या बाजूला, खाली असे विखुरलेले दिसले तर मोठ्या जडत्वाचे डोके खरोखर कामाचे आहे. ठसे मध्यावर एकवटलेले असूनही चेंडू उजवीकडेच वळत असेल, तर पैसे डोक्यावर नव्हे, प्रशिक्षकावर खर्च करावेत.

लॉफ्टविषयीचा सल्ला मला सर्वांत नुकसानकारक वाटतो. पीजीए टूरवरील (अमेरिकेतील व्यावसायिक स्पर्धामालिकेतील) खेळाडू कमी लॉफ्ट वापरतात, कारण त्यांच्या क्लबहेडचा वेग सरासरी ताशी ११३ मैलांच्या पुढे असतो. ताशी ८५ मैलांच्या स्विंगने नऊ अंशांवरून निघालेला चेंडू पुरेशी उंची गाठत नाही, लवकर खाली येतो, आणि पावसाळ्यात मुंबई-पुण्याच्या ओल्या फेअरवेवर (कापलेल्या गवताच्या पट्टीवर) घरंगळून मिळणारे यार्डही हाती लागत नाहीत. शिवाय लॉफ्ट वाढला की बॅकस्पिन (चेंडूचे मागच्या दिशेने फिरणे) वाढतो, स्पिनचा अक्ष कमी कलतो, आणि फेसची तीच चूक चेंडूला कमी वळवते. उंची आणि सरळपणा हे दोन्ही हवे असणाऱ्याने म्हणूनच साडेदहा किंवा बारा अंशांपासून सुरुवात करावी. ‘बारा अंश म्हणजे बायकांचा क्लब’ हा टोमणा ऐकू येतो, पण चेंडूला मारणारा कोण आहे हे कळत नाही.

लांब शाफ्टचे गणित कागदावरच बरे. नियमांत ४८ इंचांची मुभा आहे, तर जानेवारी २०२२ पासून स्पर्धांना स्थानिक नियमाने ४६ इंचांची मर्यादा घालता येते. दुकानातला ड्रायव्हर बहुधा साडेपंचेचाळीस इंचांच्या आसपास असतो. लांबी वाढली की मध्यावर फटका बसण्याचे प्रमाण घटते, म्हणजे ज्या चुकीपासून सुटका हवी तीच आपण विकत घेतो. ग्रिप एक इंच खाली धरून मारून पाहणे फुकटचे आहे.

हॉझलबाबतही सावध राहावे. स्लीव्हवर (हॉझलमधल्या फिरवता येणाऱ्या नळीवर) लॉफ्ट कमी केला की बहुतेक ड्रायव्हरमध्ये फेस थोडा उघडतो आणि वाढवला की बंद होतो. म्हणून पल्ल्याच्या हव्यासाने लॉफ्ट घटवणारा स्लाइसवाला स्वतःच्या हाताने स्लाइस वाढवतो.

खरेदीपूर्वी एकाच डोक्यात साडेदहा आणि बारा असे दोन्ही लॉफ्ट मारून घ्यावेत, टी इतकी उंच ठेवावी की निम्मा चेंडू क्राउनच्या (डोक्याच्या वरच्या भागाच्या) वर दिसेल, आणि फटक्याची मोजमापे दाखवणाऱ्या मॉनिटरवर सर्वांत लांब गेलेला चेंडू सोडून सगळ्या चेंडूंचा सरासरी कॅरी (चेंडू हवेतून कापतो ते अंतर) आणि डावी-उजवीकडचा पसारा तपासावा.