मरत नाही ती अमरवेल

घरामागच्या सांदवाडीतल्या मेंदीच्या कुंपणावर यंदाही पिवळ्या शेवयांचा गुंता पडलाच. अमरवेल! उपटावी म्हटलं तर जमिनीत मूळच नाही. मेंदीच्या फांदीत सोंडा खुपसून फुकटचा रस पिते. मागच्या पोळ्याच्या आधी तासभर बसून बोटांनी सोडवली. कुठंतरी बोटभर तुकडा राहिला अन् पुन्हा जाळं तयार. औषध मारावं तर आधी मेंदीच जळायची. बी तर मातीत वर्षानुवर्षं दबा धरून बसते. शेवटी काल चांगल्या फांद्यांसकट छाटली अन् जाळली. कुंपणाला हे भगदाड! वरून शेजारच्या काकू म्हणतात, "काहून तोडली बाप्पा, सोन्यावानी दिसत होती!" दिसते ना. तुमच्या बोरीवर चढू द्या, मग बोलू.