त्यात काय, आठ सिलिंडरचं टाका!

आमच्या गाडीचं इंजिन गेलं हे माझ्याआधी शेजारच्या आजोबांना कळलं. मी कोपऱ्यावरून वळलो तेव्हा ते झारीने गुलाबांना पाणी घालत होते. त्यांनी झारी खाली ठेवली, मान तिरकी करून दोन सेकंद ऐकलं आणि म्हणाले, "बिग एंड." म्हणजे पिस्टनचा दांडा क्रँकला जोडणारं बेअरिंग. इंग्रज माणूस हवापाण्याचा विषय न काढता थेट मुद्द्यावर आला की समजावं, प्रकरण हाताबाहेर गेलंय.

गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, एमजी या ब्रिटिश कंपनीची छोटी स्पोर्ट्स कार. दोन माणसं पुढे बसतात; मागच्या सीटवर एक पिशवी किंवा एक नाराज मूल बसू शकतं. या गाड्या १९६२ पासून १९८० पर्यंत अ‍ॅबिंग्डनला बनत होत्या, पाच लाखांच्या वर बनल्या. आम्ही राहतो इंग्लंडात डिडकॉटला, म्हणजे गाडीचं माहेर हाकेच्या अंतरावर. पण कारखाना कधीच बंद पडलेला, त्यामुळे रुसून माहेरी जायची सोय तिला नाही. ती आमच्याच दारात रुसते.

संपचा, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचा, नट सोडून ऑइल काढलं. उन्हात धरलं तर त्यात चांदीचा वर्ख चमकत होता, मिठाईवर असतो तसा. बेअरिंगचा पांढरा धातू झिजून खालचं तांबं दिसायला लागलं होतं. तेही परवडलं असतं, क्रँक (पिस्टन ज्याला फिरवतात तो दांडा) ग्राइंड करून जाड बेअरिंग टाकता आली असती. पण सिलिंडरच्या भिंतींनाही चरे पडलेले, आणि माझ्या आधीच्या मालकांपैकी कुणीतरी बोअर करत करत, म्हणजे सिलिंडर आतून कोरत, साठ थाऊपर्यंत (इंचाच्या साठ सहस्रांशापर्यंत) नेऊन ठेवलेलं. त्यापुढे बोअर करायला भिंत उरत नाही. लायनर, म्हणजे आत नव्या नळ्या, टाकता येतात, पण मशीनशॉपवाल्याने ब्लॉककडे अशा नजरेने पाहिलं की मी तो विषय वाढवला नाही. "दुसरं बघा," एवढंच म्हणाला.

दुसरं बघा! माणसाने हे दोन शब्द चारचौघांत उच्चारू नयेत.

शेजारच्या आजोबांचं ठरलेलंच होतं. "त्यात काय, आठ सिलिंडरचं टाका." हे रोव्हरचं व्ही-एट इंजिन, साडेतीन लिटरचं, मूळ अमेरिकन ब्यूइकचं डिझाइन. पूर्ण अ‍ॅल्युमिनियमचं असल्यामुळे आठ सिलिंडर असूनही आमच्या चार सिलिंडरच्या बिडाच्या धोंड्यापेक्षा वजनाला जास्त नाही, उलट थोडं हलकंच. कारखान्याने स्वतः १९७३ ते १९७६ या काळात अशा २,५९१ गाड्या काढल्या. म्हणजे कल्पना भन्नाट आहे, यात वाद नाही. मी दोन रात्री त्या इंजिनाच्या आवाजाचे व्हिडिओ ऐकत जागलो. हेडफोन लावून, कारण घरात वातावरण तसं नव्हतं.

मग कागद-पेन घेऊन बसलो. इंजिन आलं की जुना गिअरबॉक्स त्याला बसत नाही, कारण आमच्या गिअरबॉक्सचं इंजिनाला जोडणारं पुढचं घमेलं ओतीव कामात एकत्रच आहे. म्हणून पाच गिअरचा रोव्हरचा गिअरबॉक्स. तो लांबीला वेगळा, म्हणून नवीन प्रॉपेलर शाफ्ट. ताकद वाढली, तर मागच्या अ‍ॅक्सलचं गुणोत्तर ३.९ वरून ३.०७ वर आणायचं, नाहीतर महामार्गावर इंजिन उगाच किंचाळत राहणार. वेग वाढला म्हणून ब्रेक मोठे. उष्णता वाढली म्हणून रेडिएटर मोठा. एक्झॉस्टला दोन्ही बाजूंनी वाट हवी म्हणून आतले पत्रे ठोकायचे. यादीच्या तळाशी पोचलो तेव्हा मूळ गाडीतलं शाबूत काय राहतं ते मोजलं. दारं, काचा आणि हातमोज्यांचा कप्पा.

"मग इंजिनच का बदलतोस?" बायको म्हणाली, "कप्पा बदल आणि बाकीची नवीन घे."

गाड्यांच्या क्लबातल्या एका सद्गृहस्थांना आठ सिलिंडर म्हणजे उथळपणा वाटत होता. त्यांचा आग्रह सहाचा. १९६७ ते १९६९ मध्ये एमजीसी नावाची बहीण निघाली होती, तीन लिटरचं सहा सिलिंडरचं लांबलचक इंजिन पोटात घेऊन. ते मावेना म्हणून बॉनेटला फुगवटा काढावा लागला आणि नाकात इतकं वजन झालं की वळणावर गाडी सरळच जायला बघते, अशी तक्रार तेव्हापासून चालत आली आहे. हे मी त्यांना म्हटलं, तर ते म्हणाले, "वळताय कशाला?" यावर उत्तर नाही.

ऑफिसातला सहकारी तर्काने चालणारा. त्याच्या मते माझदाच्या एमएक्स-५ या स्पोर्ट्स कारचं १.८ लिटरचं घ्यावं: सकाळी चावी फिरवली की चालू, ऑइल गळत नाही, भंगारात मुबलक. सगळं खरं. फक्त संप पुढच्या क्रॉसमेंबरवर, म्हणजे आडव्या पट्टीवर, टेकतो, आणि इंजिनाबरोबर त्याचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर), सेन्सर आणि वायरींचा हा एवढा गठ्ठा येतो. माझ्या गाडीच्या सबंध वायरिंगमध्ये मोजून चार फ्यूज आहेत, तेही तिला जड जातात. शिवाय ऑइल न गळणारी ब्रिटिश गाडी क्लबात न्यायची कुठल्या तोंडाने?

मुलीने एका वाक्यात सांगितलं, "बाबा, इलेक्ट्रिक." तिचं म्हणणं नैतिकदृष्ट्या इतकं बरोबर होतं की कुणी काही बोललंच नाही.

आता लक्षात यायला लागलं होतं, की प्रत्येक जण स्वतःला जी गाडी घ्यायची राहून गेली तिचं इंजिन माझ्या गाडीत बसवू पाहत होता. आजोबांना तरुणपणी व्ही-एट परवडली नव्हती. सहकाऱ्याला त्याच्या बायकोने एमएक्स-५ घेऊ दिली नव्हती. मुलीला ड्रायव्हिंग टेस्ट पास झाल्यावर काय हवंय, हेही समजलं.

सांगलीच्या मामांकडे हा विषय काढायचा नाही असं मी ठरवलं होतं, पण आईने काढला. व्हिडिओ कॉलवर आधी मामेबहीण आली. "दादा, एमजी म्हणजे हेक्टरच ना? शोरूमला विचार की." तिच्या हातातून फोन घेऊन मामा आले. मामांनी आयुष्यभर गॅरेज चालवलेलं. पेट्रोलच्या जीपला डिझेल इंजिन बसवण्यात त्यांची अर्धी हयात गेली.

"ट्रॅक्सचं बसीव," मामा म्हणाले. "मर्सिडीजच्या कुळातलं हाय ते. डिझेल. पाच टन वढील."

"मामा, ही स्पोर्ट्स कार आहे."

"मग? तिला वझं न्यायचं न्हाई व्हय?"

मग त्यांनी बॉनेट उघडून दाखवायला सांगितलं. मी फोन इंजिनावरून हळूहळू फिरवला. मामा गप्प. मामा गप्प म्हणजे सांगलीत रेंज गेली असं समजून मी दोनदा हॅलो म्हटलं.

"लेका," ते एकदम ओरडले, "हे तर अ‍ॅम्बेसेडरचं हाय की रं!"

आणि ते खरंच होतं. बीएमसीचं, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचं, बी-सिरीज इंजिन. अ‍ॅम्बेसेडरमध्ये तेच १४८९ सीसीचं आणि एका कार्बोरेटरचं; एमजीबीत १७९८ सीसीचं, दोन कार्बोरेटर लावून ९५ अश्वशक्तीला पोचवलेलं. मामांनी त्या घराण्याची इंजिनं झोपेत उतरवली आणि चढवली असतील. पुढे १९९० च्या दशकात अ‍ॅम्बेसेडरनेही इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन घेतलं, ते मामांनी कधी मनापासून मान्य केलं नाही. जिला मी आजवर लाकडी स्टिअरिंग आणि चामड्याचे हातमोजे वगैरे घालून चालवत होतो, ती आतून तहसीलदारांची गाडी निघाली. बायकोला हे फार आवडलं. ती तेव्हापासून मागच्या दाराकडे पाहून "साहेब आले का?" म्हणते. मागच्या सीटला दार नाहीच आहे.

राहता राहिलं सरकार. इथे चाळीस वर्षांवरच्या गाडीला रोड टॅक्स नाही आणि २०१८ पासून वार्षिक एमओटी तपासणीही सक्तीची नाही; पण गेल्या तीस वर्षांत गाडीत मोठा बदल केलेला असेल तर तपासणीची ही सूट जाऊ शकते. इंजिन त्याच जातीचं असेल तर तो मोठा बदल धरत नाहीत. सिलिंडरांची संख्या बदलली की भुवया वर जातात. आजोबांकडे यावरही उत्तर होतं (कारखान्यानेच आठवालं काढलं होतं ना!), पण सरकारी कार्यालयाशी युक्तिवाद करण्याची माझी हौस पुण्यातच फिटलेली आहे.

शेवटी आहे तेच घेतलं. रीकंडिशन केलेलं १७९८ सीसी, पाच बेअरिंगच्या क्रँकचं. फक्त हेडमध्ये कडक व्हॉल्व्ह सीट बसवून घेतल्या, कारण शिशाचं पेट्रोल इथे १९९९ च्या अखेरीस गेलं आणि त्याविना जुन्या सीट झिजून व्हॉल्व्ह हळूहळू हेडमध्ये रुतत जातात. आजोबा दोन दिवस माझ्याशी फक्त हवेबद्दल बोलले.

इंजिनवाल्याची अट एकच होती: जुनं इंजिन बदल्यात द्यायचं, आणि ते पुन्हा बोअर करता येण्याजोगं हवं. साठ थाऊ ऐकून त्याने फोनवरच सुस्कारा सोडला आणि जादा रक्कम सांगितली. म्हणजे आता नवं इंजिन गाडीत, जुनं गॅरेजच्या मधोमध, आणि वॉशिंग मशीनपर्यंत जायचं तर बायकोला त्यावरून ढांग टाकावी लागते. भंगारवाल्याला बोलवायचं ठरलं. हेही आईनेच सांगलीला कळवलं.

"भंगारात?" मामांचा फोन आला. "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? लायनर टाकून पळीवतो मी त्येला. हितं दोन अ‍ॅम्बेसेडर हुब्या हायत. बोटीनं पाठीव."

"मामा, बोटीचं भाडं केवढं होईल माहितीये का?"

"मला कशाला म्हाईत असाया पायजे? तूच भरणार न्हवं?"