आधीचा मिस्त्री

गेल्या रविवारी माझ्याच घरात, मीच बसवलेल्या टाइल्सवर उभं राहून मी एका माणसाची अर्धा तास निंदा केली. तो माणूस मीच होतो. खोलीत आम्ही चौघं होतो, त्यातल्या दोघांना हे ठाऊक होतं, आणि त्या दोघांतला जो मी नव्हतो तो मजा घेत होता.

झालं एवढंच की, मागच्या खोलीची जमीन मी स्वतः केली होती. 600 बाय 600 मिलिमीटरच्या 30 व्हिट्रिफाइड टाइल्स, दोन रविवार आणि एक कंबर. पंधरा दिवसांनी खिडकीजवळची टाइल पायाखाली 'टॉक्' म्हणाली. मग तिच्या शेजारचीही. मग निमूटपणे मिस्त्री बोलावला.

मिस्त्री आले. मागे अठरा-एकोणीस वर्षांचा एक पोरगा, हातात बादली. मिस्त्री उकिडवे बसले, खिशातून नाणं काढलं आणि डॉक्टर छाती ठोकून बघतात तसे एकेका टाइलवर चार कोपऱ्यांत आणि मध्ये वाजवत निघाले. भरीव असेल तिथे आवाज दबका यायचा, पोकळ असेल तिथे रिकाम्या डब्यासारखा. पोकळ टाइलवर पोरगा खडूने फुली मारायचा. फुल्या 21 झाल्या. मग मान वर न करता मिस्त्रींनी विचारलं, "हे कोणी केलंय?"

आता इथे प्रामाणिक माणूस 'मी' म्हणाला असता. माझ्या तोंडून निघालं, "आधीचा मिस्त्री होता एक."

नेमके त्याच क्षणी शेजारचे नाना दारात उगवले. निवृत्त माणूस. मी जमीन करत होतो तेव्हा दोन्ही रविवारी नाना याच दारात, याच चौकटीला टेकून उभे होते. पहिल्या दिवशी मी व्हिडिओत बघितल्याप्रमाणे खाचांच्या थापीने ॲडेसिव्ह ओढत होतो. नाना म्हणाले, "अहो, एवढं सारवत काय बसलाय! चार कोपऱ्यांत चार गोळे, मध्ये एक, आणि दाबा. आमच्या घरी असंच केलेलं." पहिल्या ओळीत पाच टाइल्स लावून माझं मनगट आधीच बोलायला लागलं होतं. मी गोळ्यांवर आलो. उरलेल्या 25 टाइल्स नानांच्या पद्धतीच्या आहेत, हे आधी नोंदवून ठेवतो, कारण त्या दिवशी ते नोंदवायची सोय राहिली नव्हती.

"आधीचा मिस्त्री?" नानांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. भुवयांनी जेवढी विनवणी करता येते तेवढी केली. नानांचा चेहरा हळूहळू उजळला.

"हो, हो! तो!" नाना आत आले. "काय सांगू मिस्त्री, महाबिलंदर माणूस. मी इथे उभा राहून घसा कोरडा केला. ऐकेल तर शपथ!"

मिस्त्रींनी एक टाइल उचकटली. सहज निघाली, वहीचं पान निघावं तशी. पाठीवर पाच वाटोळे डाग, बाकी सगळी कोरी. "बघा. गोळे मारलेत."

"गोळे!" नाना इतक्या मनापासून दचकले की मलाही क्षणभर वाटलं, हे त्यांना आजच कळतंय. "गोळे मारतं का कोणी आजकाल?"

"त्याला कोणीतरी तसं शिकवलं असेल," मी म्हणालो. जरा जोरातच.

"छे! असल्या माणसाला कोण शिकवणार! शिकायची वृत्तीच नव्हती हो. नुसता फोन घेऊन बसायचा."

"ॲडेसिव्हवर साय धरलेली दिसते," टाइलची पाठ नखाने खरवडत मिस्त्री म्हणाले. "पसरून मग फोनवर बोलत बसला असणार."

फोन ऑफिसचा होता. घेणं भाग होतं. पण हे मी कुणाच्या वतीने सांगणार?

"पैसे दिले का त्याला?"

"नाही."

"बरं केलंत," मिस्त्री म्हणाले. नाना म्हणाले, "मी असतो तर उलट वसूल केले असते." आणि माझ्या खांद्यावर थाप मारली.

यात एकच सुखाचा क्षण आला. मिस्त्रींनी भिंतीच्या कडेने एक डोळा मिटून पाहिलं आणि नाइलाजाने म्हणाले, "लाइन मात्र गुण्यात आहे. सूत मारायला येत होतं त्याला." काटकोन जमवायला मी एका बाजूला तीन फूट, दुसऱ्या बाजूला चार फूट मोजून तिरकं माप बरोबर पाच फूट येईपर्यंत सकाळभर रांगलो होतो. कान गरम झाले. कबुली अगदी ओठांवर आली होती. तेवढ्यात नाना म्हणाले, "ते मी दाखवलं त्याला."

इथपर्यंत मी हसण्यावारी नेलं असतं. खरा राग पुढे आला.

मिस्त्रींनी पोरग्याला जवळ बसवलं आणि ती उपटलेली टाइल पाटीसारखी समोर धरून शिकवायला सुरुवात केली. ॲडेसिव्ह थापीच्या खाचांनी एकाच दिशेने ओढायचं. गोल गोल फिरवलं की मध्ये हवा अडकते. एवढी मोठी टाइल असेल तर तिच्या पाठीवरही ॲडेसिव्हचा सपाट हात मारायचा. ठेवली की रेघांना आडवी थोडी मागेपुढे सरकवायची, म्हणजे रेघा मोडतात आणि हवा बाहेर पडते. पहिलीच टाइल उचलून पाठ बघायची: कोरड्या खोलीत निदान 80 टक्के पाठ माखलेली हवी, ओल्या जागी 95. पसरलेल्या ॲडेसिव्हला बोट लावायचं. बोटाला चिकटलं नाही तर साय धरली, खरवडून टाकायचं, वरून पाणी शिंपडायचं नाही. (मी शिंपडलं होतं.) साधारण वीस मिनिटांत जेवढं लावून होईल तेवढंच पसरायचं. भिंतीला टाइल भिडवायची नाही, कडेने फट सोडायची, ती स्कर्टिंगखाली झाकली जाते.

अकरा मिनिटं लागली. मी घड्याळ लावलं होतं.

आणि याच मिस्त्रींना महिन्यापूर्वी, काम सुरू करण्याआधी, मी भेटून विचारलं होतं की टाइल पक्की बसायला नेमकं काय बघायचं. तेव्हा ते आकाशाकडे बघत म्हणाले होते, "ते हाताला कळतं, साहेब." हाताला! 80 टक्के हे हाताला कळतं? वीस मिनिटं हाताला कळतात? तेव्हा ही अकरा मिनिटं माझ्या वाट्याला आली असती तर 21 फुल्या पडल्या नसत्या. त्यांचीही बाजू आहे म्हणा. पोरगा मला नंतर म्हणाला की त्याने पहिलं वर्ष फक्त पाणी, वाळू आणि शिव्या वाहिल्या. मिस्त्रींनीही कधी तसंच वाहिलं असणार. जे इतकं घासून मिळालं ते रस्त्यावर विचारणाऱ्या हौशी माणसाला फुकट का द्यावं? पण मग आम्ही हौशी लोकांनी जायचं कुठे? जाणणारा सांगत नाही आणि न जाणणारा थांबत नाही. टाइल भिजत घालायची का, एवढं विचारलं तर मला सात जणांनी सल्ला दिला, त्यातले सहा जण 'घालाच' म्हणाले. म्हणून मी 30 च्या 30 टाइल्स रात्रभर टबात उभ्या केल्या. व्हिट्रिफाइड टाइल वजनाच्या अर्धा टक्कासुद्धा पाणी पीत नाही. भिजवायची ती जुनी सच्छिद्र चिनी मातीची, जी कोरडी लावली तर सिमेंटमधलं पाणी शोषून घेते. सहा जणांनी त्यांच्या लहानपणी बघितलेलं मला शिकवलं. मी सकाळी प्रत्येक टाइल टॉवेलने पुसली. टॉवेलही गेला.

(घरचे म्हणतात, तुझ्या कामाला दर्जा नाही. टाइल्समधल्या दरजा तरी सगळ्या दोन मिलिमीटरच्या आहेत, स्पेसर घालून केलेल्या. हा विनोद मी मिस्त्रींना ऐकवू शकलो नाही याचं दुःख वेगळं.)

शेवटी मिस्त्रींनी फोन काढून टाइलच्या पाठीचा फोटो घेतला. "आमच्या कारागिरांच्या ग्रुपवर टाकतो. नव्या पोरांना दाखवायला बरा." नानांनी फोटोत टाइल धरली. गोळे नीट दिसावेत म्हणून उजेडाकडे तिरकीसुद्धा केली. आता कुठल्या कुठल्या अनोळखी पोरांना माझी टाइल बघून 'असं करू नये' म्हणून सांगितलं जात असेल, आणि तिच्या मागे ज्यांनी हे करायला लावलं ते गृहस्थ हसत उभे आहेत.

"त्या मिस्त्रीचा नंबर द्या एकदा," जाताना मिस्त्री म्हणाले. "बोलतो त्याच्याशी."

"लागत नाही," मी म्हणालो.

"लागणार कसा!" नाना म्हणाले.

मिस्त्री जिना उतरले. पोरगा बादली घ्यायला मागे वळला आणि टबामागे पडलेली माझी खाचांची थापी उचलून त्याने ओल्या फडक्याने पुसली. मग माझ्या हातांकडे पाहिलं. नखांच्या कडेला अजून करडी रेघ होती. पंधरा दिवस घासूनही जात नाही ती.

"ही त्यांची राहिली वाटतं," तो थापी पुढे करत म्हणाला. "सहा मिलिमीटरच्या खाचा आहेत. भिंतीच्या लहान टाइलला चालतील. एवढ्या मोठीला दहा-बाराच्या लागतात." दारापर्यंत गेला, जिन्याकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "आले तर सांगा त्यांना."